हळदीच्या गावात रिफॉर्मर : नव्या पिलेट्स स्टुडिओसाठी यंत्र निवडताना

रिफॉर्मर हे पिलेट्स या व्यायामपद्धतीतील मुख्य यंत्र असून, नवा स्टुडिओ काढू पाहणाऱ्यांचा सर्वाधिक पैसा आणि सर्वाधिक गोंधळ त्याच्याच खरेदीत अडकतो. मुंबईत यास्मिन कराचीवाला आणि नम्रता पुरोहित यांनी ही पद्धत लोकप्रिय केली आणि त्यांच्याकडे व्यायाम करणाऱ्या चित्रपट कलावंतांच्या चित्रफितींतून हे यंत्र गावोगावच्या मोबाइलवर पोहोचले. ते जोडून देणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर मात्र मोठ्या शहरांच्या पलीकडे अजून फारसे आलेले नाहीत. हिंगोली, परभणी, नांदेड या पट्ट्यातील फिजिओथेरपिस्ट, योगशिक्षक आणि व्यायामशाळाचालक यांच्याकडून ‘कोणत्या कंपनीचे घ्यावे’ हाच प्रश्न पुनःपुन्हा येतो, आणि गोंधळाचे मूळ या प्रश्नातच आहे, कारण कंपनीचे नाव हा निर्णयाचा शेवटचा टप्पा असतो, पहिला नव्हे.

येथील विवेचन नरसी नामदेव हे ठिकाण समोर ठेवून केले आहे. हिंगोली तालुक्यातील, कयाधू नदीच्या काठचे, संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाणारे हे गाव हळद पिकवणाऱ्या मुलखात आहे. येथे यंत्राची एखादी स्प्रिंग तुटली तर ती दुसऱ्या दिवशी मिळणार नाही, ही गोष्ट गृहीत धरूनच खरेदी करावी लागते. म्हणून ज्याचे सुटे भाग लवकर मिळतात आणि जे पाना-पेचकसाने जागेवर दुरुस्त होते ते यंत्र, दिसायला साधे असले तरी, अधिक चांगले, हा या लेखातील पहिला निकष आहे.

रिफॉर्मर म्हणजे नेमके काय

जर्मनीत १८८३ मध्ये जन्मलेले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले जोसेफ पिलेट्स यांनी आपल्या व्यायामपद्धतीसाठी जी उपकरणे घडवली, त्यांत रिफॉर्मर सर्वाधिक प्रसार पावला. बाजेसारख्या लांबट चौकटीत, दोन रुळांवर मागेपुढे सरकणारा गादीचा पाट बसवलेला असतो. या पाटाला कॅरेज म्हणतात. कॅरेजच्या पायाकडील कडेला चार किंवा पाच स्प्रिंगा अडकवलेल्या असतात आणि त्यांची दुसरी टोके चौकटीवरील एका आडव्या दांडीत, म्हणजे स्प्रिंग बारमध्ये, हवी तशी घालता-काढता येतात. पाय रोवण्यासाठी समोर जी दांडी असते तो फूटबार. डोक्याकडून पुलीवरून येणारे दोर हातापायांत घालण्याच्या पट्ट्यांना जोडलेले असतात. आणि कॅरेजवर पाठीवर झोपलेल्या व्यक्तीचे खांदे मागे सरकू नयेत म्हणून दोन गादीदार अडसर बसवलेले असतात, त्यांना शोल्डर रेस्ट म्हणतात. व्यायाम करणारी व्यक्ती फूटबारवर पाय रेटते, कॅरेज मागे सरकते, स्प्रिंगा ताणल्या जातात आणि परत येताना त्या ताणाला आवर घालावा लागतो. सारा व्यायाम या जाण्या-येण्यावरील ताब्यात असतो.

याला वीज लागत नाही. ट्रेडमिल विकत घेऊन भारनियमनात ती कपडे वाळत घालण्यासाठी वापरणाऱ्या व्यायामशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या एका गुणाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतील न्यायालयाने २००० साली ‘पिलेट्स’ हे कोणा एकाच्या मालकीचे व्यापारचिन्ह नसून व्यायामप्रकाराचे सामान्य नाव आहे असा निर्णय दिला, आणि तेव्हापासून हे नाव कोणीही आपल्या मालावर छापू शकतो. त्यामुळे यंत्रावर ते नाव असणे ही दर्जाची खूण मानू नये.

यंत्र आताच घ्यावे का

बहुतेकांच्या बाबतीत या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘अजून नाही’ असे येते. पिलेट्सचा मोठा भाग केवळ चटईवर होतो आणि त्याला मॅट पिलेट्स म्हणतात. एक हवेशीर खोली, दहा जाड चटया आणि प्रशिक्षित शिक्षक एवढ्यावर वर्ग सुरू होतो. आपण सहा महिने मॅटचे वर्ग चालवले, तर गावातून आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतून किती जण पैसे देऊन नियमित येतात, कोणत्या वेळेला येतात आणि हळद काढणीच्या दिवसांत किती गळतात, हे कळते. ही माहिती कोणताही विक्रेता देऊ शकत नाही.

दुसरी अट शिक्षकाची. मॅटचे प्रशिक्षण आणि रिफॉर्मरचे प्रशिक्षण हे दोन वेगळे अभ्यासक्रम असून, पहिले केलेल्या व्यक्तीने दुसरे न करता यंत्रावर लोकांना झोपवणे धोक्याचे आहे, कारण चुकीची स्प्रिंग लावली गेली तर कॅरेज झटक्याने मागे येते. बॅलन्स्ड बॉडी, स्टॉट पिलेट्स आणि बासी या परदेशी प्रशिक्षणपद्धतींचे नाव या क्षेत्रात घेतले जाते. आपण ज्या पद्धतीचे प्रशिक्षण घेणार आहात तिच्यात स्प्रिंगांची जी मांडणी शिकवली जाते, तिला जुळणारे यंत्र घेणे सोयीचे पडते. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी प्रशिक्षण, मग यंत्र. उलट क्रमाने गेलेल्यांना शिकलेले एक आणि समोर उभे असलेले दुसरे, अशी कसरत करावी लागते.

यंत्रावर कोण झोपणार आहे

नरसीसारख्या गावात येणारा वर्ग मुंबईच्या स्टुडिओतल्या वर्गासारखा असणार नाही. हळदीची लागवड, खुरपणी, काढणी आणि वेचणी यांत वाकून काम करणाऱ्या, कंबर धरलेल्या बाया. वारीत पायी चालून गुडघे बोलू लागलेली वडीलधारी मंडळी. पोलीस वा सैन्यभरतीची तयारी करणारी तरुण मुले. आणि बाळंतपणानंतर पोट-पाठ सावरू पाहणाऱ्या लेकी-सुना, असा हा मेळ असतो. यातून यंत्राविषयी तीन ठोस गरजा निघतात.

पहिली गरज उंचीची. रिफॉर्मरच्या पायांच्या उंचीत मोठा फरक असतो. काही यंत्रे जमिनीपासून वीतभरच वर असतात, तर काही दीड-दोन फुटांवर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खुर्चीइतक्या, म्हणजे सुमारे दीड फूट उंचीच्या कॅरेजवर बसणे आणि तेथून उठणे सोपे जाते. बुटके यंत्र त्याला पहिल्याच दिवशी परतवून लावते. पाय बदलून उंची वाढवता येते का, हे विक्रेत्याला विचारावे.

दुसरी गरज शरीराच्या मापाची. पाच फुटांहून कमी उंचीच्या स्त्रीचे तळवे फूटबारवर पोहोचले तरी गुडघ्यांचा कोन बरोबर येईलच असे नाही. त्यासाठी एक तर फूटबार पुढेमागे सरकवता आला पाहिजे किंवा कॅरेज कोठे थांबावी हे ठरवणारा अडथळा, म्हणजे स्टॉपर, बदलता आला पाहिजे. घरातल्या सर्वांत बुटक्या आणि सर्वांत उंच व्यक्तीला सोबत नेऊन यंत्रावर प्रत्यक्ष झोपवून पाहावे; छापील मापांपेक्षा ही परीक्षा खरी.

तिसरी गरज पोशाखाची, आणि ती कोणत्याही परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाही. साडीचा पदर, ओढणी, सैल परकर, कमरेची किल्ल्यांची जुडी, लांब वेणी आणि गळ्यातली पोत या साऱ्या वस्तू कॅरेजखालच्या स्प्रिंगांत व चाकांत ओढल्या जाऊ शकतात. स्प्रिंगा जितक्या झाकलेल्या, तितके बरे. तरीही बायांना सलवार-कुर्ता किंवा ट्रॅकपँट घालून, ओढणी बाजूला ठेवून आणि वेणी बांधून येण्यास सांगावे लागेल, आणि त्यासाठी पडदा लावलेली कपडे बदलण्याची जागा व बायांसाठी वेगळी वेळ ठेवावी लागेल. ही सोय नसेल तर महागडे यंत्रही बायांविना पडून राहते.

गरोदर स्त्रिया, हाडे ठिसूळ झालेले रुग्ण, मणक्यातील चकती सरकलेले किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेले लोक यांना डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय यंत्रावर घेऊ नये. फिजिओथेरपीची पदवी नसलेल्या शिक्षकाने ‘कंबरदुखी बरी करू’ अशी पाटी लावणे तर टाळावेच.

स्प्रिंग : यंत्राचा प्राण

चौकट लाकडाची असो वा अॅल्युमिनियमची, ती वर्षानुवर्षे टिकते. झिजते ती स्प्रिंग. अपघाताची सर्वाधिक शक्यताही तिच्याशीच निगडित असल्याने खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा.

नवशिक्यांचा समज असा असतो की जड स्प्रिंग म्हणजे अवघड व्यायाम आणि हलकी स्प्रिंग म्हणजे सोपा. फूटबारवर पाय रेटताना हे बहुतांशी खरे असते, परंतु कॅरेजवर गुडघे टेकून किंवा उभे राहून करायच्या प्रकारांत चित्र उलटते : स्प्रिंग हलकी केली की कॅरेज आधार देईनाशी होते आणि तोल सांभाळण्याचा सारा भार पोटाच्या व पाठीच्या स्नायूंवर येतो. म्हणून वयस्कर आणि नवख्या लोकांसाठी जाडसर आधाराच्या स्प्रिंगा जशा लागतात, तशीच हातांच्या हलक्या व्यायामासाठी एक अगदी सौम्य स्प्रिंगही लागते. जोसेफ पिलेट्स यांच्या मूळ रचनेशी इमान राखणाऱ्या यंत्रांत, ज्यांना क्लासिकल म्हणतात आणि ज्यांत ग्राट्झ कंपनीचे नाव मोठे आहे, सारख्याच ताणाच्या चार स्प्रिंगा असतात. नव्या पद्धतीच्या यंत्रांत साधारणतः वेगवेगळ्या ताणाच्या पाच स्प्रिंगा येतात. मिश्र वयाच्या ग्रामीण वर्गासाठी दुसरी रचना अधिक उपयोगी ठरते.

ताण ओळखण्यासाठी स्प्रिंगांच्या टोकांना रंग दिलेले असतात, पण हे रंग सर्व कंपन्यांत एकसारखे नसतात. कॅलिफोर्नियाच्या बॅलन्स्ड बॉडी कंपनीच्या मांडणीत पिवळी सर्वांत हलकी, त्यानंतर निळी, मग लाल आणि हिरवी सर्वांत जड असते; हीच रंगसंगती टोरांटोच्या मेरीथ्यू कंपनीच्या किंवा देशी बनावटीच्या यंत्रावर धरून चालणे ही घोडचूक होईल. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच खोलीत ठेवू नयेत, असा सल्ला याच कारणासाठी दिला जातो. शिक्षकाने ‘लाल लावा’ म्हटले की खोलीतल्या प्रत्येक यंत्रावर तोच ताण आला पाहिजे.

स्प्रिंग तपासण्याची रीत अशी. उजेडात, कॅरेज पूर्ण आत असताना आणि स्प्रिंग सैल लोंबत असताना तिची वेटोळी एकमेकांना चिकटलेली दिसली पाहिजेत. मधे कोठे फट दिसली किंवा एखादे वेटोळे वाकडे वाटले तर ती स्प्रिंग मेली असे समजावे. नंतर कोरड्या पांढऱ्या फडक्यात धरून तिच्यावरून हात फिरवावा, तांबूस डाग उमटला तर गंज चढू लागला आहे. शेवटी टोकाचा आकडा पाहावा; लोखंडावर लोखंड घासून आकड्याच्या आतल्या बाजूला चकचकीत खाच पडलेली असेल, तर तुटण्याची जागा तीच. डोळ्यांना काही दिसले नाही तरी साधारण दोन वर्षांनी स्प्रिंगा बदलाव्यात असा प्रघात आहे, आणि भरगच्च चालणाऱ्या स्टुडिओत तो काळ कमी धरावा. बदलताना एकाच ताणाच्या स्प्रिंगा जोडीने बदलाव्यात, अन्यथा एक नवी आणि एक थकलेली अशी जोडी कॅरेजला तिरके ओढते.

यंत्र घेतानाच एक पूर्ण जादा संच मागून घ्यावा. किमतीची घासाघीस गादीच्या रंगावर करण्यापेक्षा या संचावर करावी.

चौकट, चाके आणि हळदीची धूळ

लाकडी चौकट दिसायला सुंदर आणि आवाजाला मऊ असते. अॅल्युमिनियमची हलकी, न गंजणारी आणि कमी लाडाची असते. मराठवाड्यात उन्हाळा भाजून काढतो आणि पावसाळ्यात हवा अचानक दमट होते, अशा चढउतारात न मुरलेले लाकूड पीळ खाते व त्यावरील रूळ बारीक तिरके होतात. पत्र्याच्या छपराखाली वर्ग भरणार असेल तर लाकडाचा विचार सोडून दिलेला बरा. त्या उष्णतेत गादीच्या आवरणाचे रेक्झिनही सुटू लागते, हे वेगळेच.

कॅरेजची चाके हा दुर्लक्षित पण रोज त्रास देणारा भाग आहे. हळद शिजवून, वाळवून ती ढोलात घोळून पॉलिश करण्याच्या दिवसांत गावात बारीक पिवळी धूळ उडते, कापूस वेचणीत तंतू तरंगतात, आणि हे सगळे रुळांवर बसून चाकांखाली दाबले जाते. कॅरेज ढकलल्यावर खरखर ऐकू आली किंवा एखाद्या ठिकाणी हाताला ठेच लागली की ओळखावे, रूळ मळले आहेत. रूळ दिवसातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने पुसावेत. त्यांना तेल लावू नये, कारण तेलावर धूळ धरते आणि तिची वज्रलेपासारखी पुटे होतात. चाके व त्यांतील बेअरिंग सुटी मिळतात का आणि ती साध्या चावीने काढता येतात का, हे खरेदीपूर्वी विचारणे म्हणूनच महत्त्वाचे.

दोर, पट्ट्या आणि गादीचे आवरण यांत फार वेळ घालवू नये; ती बदलता येतात.

जागा मोजण्याची पद्धत

यंत्राची लांबी साधारण साडेसात ते आठ फूट आणि रुंदी सव्वादोन ते अडीच फूट असते, तथापि हात पसरण्यासाठी आणि शिक्षकाला फिरण्यासाठी प्रत्येक बाजूला किमान दोन-अडीच फूट मोकळे सोडावे लागतात. बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीत कागदावर तीन यंत्रे बसतात, प्रत्यक्षात दोनच नीट मावतात. खोलीच्या फरशीवर खडूने चौकोन आखून, त्यात चटई टाकून, हात-पाय पसरून पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

जुन्या वाड्याचे दार, जिन्याचे वळण आणि गल्लीची रुंदी हीदेखील मोजावी. यंत्र सुटे येऊन जागेवर जोडले जाते की अखंड येते, हे विचारून घ्यावे.

शहाबादी फरशी बहुतेक ठिकाणी असते आणि ती क्वचितच समपातळीत असते. गवंड्याच्या लेव्हल बाटलीने ती तपासता येते. यंत्र बसल्यावर आणखी सोपी परीक्षा म्हणजे, कोणीही वर नसताना सर्व स्प्रिंगा सोडून कॅरेज मधोमध ठेवावी. ती आपोआप एकीकडे सरकली तर जमिनीला उतार आहे, आणि पायाखालचे पेच फिरवून तो काढावा. पेच नसलेले यंत्र अशा फरशीवर घेऊच नये.

देशी, परदेशी, वापरलेले की गावात घडवलेले

परदेशी यंत्राची किंमत ऐकताना ती कोठपर्यंतची आहे हे विचारावे. माल, सागरी वाहतूक, विमा, सीमाशुल्क, जीएसटी, मुंबईहून हिंगोलीपर्यंतचे भाडे आणि उतरवण्याची हमाली यांची बेरीज झाल्यावरच खरा आकडा हाती येतो, आणि तो माहितीपत्रकातल्या आकड्यापेक्षा बराच फुगलेला असतो. भारतात अधिकृत वितरक आणि सुट्या भागांचा साठा असेल तरच परदेशी यंत्राचा विचार करावा. देशी बनावटीच्या यंत्रांत दर्जाची तफावत मोठी आहे, परंतु कारखान्याशी मराठीत किंवा हिंदीत फोनवर बोलून आठवड्याभरात चाक मागवता येणे ही सोय कमी नाही. पहिल्या दोन यंत्रांसाठी चांगल्या देशी कारखान्याचा पर्याय बहुतेकांना परवडणारा आणि पुरेसा ठरतो.

मुंबई-पुण्यातील बंद पडणाऱ्या स्टुडिओतील वापरलेले यंत्र घेण्यास हरकत नाही. मात्र त्याच्या स्प्रिंगा, दोर आणि पट्ट्या शून्य किमतीच्या धरून, त्या नव्याने घेण्याचा खर्च किमतीत मिळवावा. तो घरगुती वापराचा प्रकार तर नाही ना, हेही पाहावे. घरगुती यंत्रे दिवसभराच्या वर्गांसाठी बांधलेली नसतात आणि स्टुडिओत वापरल्यास अनेक कंपन्या त्यांची वॉरंटी नाकारतात.

गावातल्या वेल्डरकडून नक्कल करून घेण्याचा मोह अनेकांना होतो. पुण्याच्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेच्या परंपरेत लाकडी ठोकळे, बाके आणि भिंतीचे दोर यांचा जो वापर रूढ झाला, तशी साधने कुशल सुतार उत्तम बनवतो, त्यामुळे हा मोह समजण्याजोगा आहे. येथे सीमारेषा अशी आखावी : रिफॉर्मरवर ठेवण्याचा बसायचा खोका, बाजूला उभे राहण्याचा लाकडी पाट आणि पायऱ्या सुताराकडून करून घ्याव्यात, पण स्प्रिंग, तिचा आकडा, ती अडकवण्याची कडी आणि पुली यांना हात लावू देऊ नये. ट्रॅक्टरच्या किंवा मोटारसायकलच्या स्प्रिंगेचा ताण मोजलेला असतो तो वाहनासाठी, माणसाच्या सांध्यासाठी नव्हे.

पैशाचा हिशोब

उदाहरणादाखल असे धरा की एक यंत्र सर्व खर्चासह दोन लाखांना पडले आणि आपण तीन घेतली. सहा लाखांचे कर्ज १२ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढल्यास मासिक हप्ता सुमारे १३,३५० रुपये येतो. रोज चार तुकड्या आणि प्रत्येक व्यक्ती आठवड्यातून तीन दिवस, असे धरल्यास एका यंत्रावर आठ आणि तीन यंत्रांवर २४ जण सामावतात. दरडोई १,२०० रुपये शुल्काने महिन्याला २८,८०० रुपये जमतात. निम्म्याच जागा भरल्या तर हातात १४,४०० येतात आणि हप्ता गेल्यावर १,०५० रुपये उरतात, ज्यांतून भाडेही निघणार नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची कापणी आणि जानेवारीपासून हळदीची काढणी सुरू झाली की निम्म्या जागा हा अंदाजसुद्धा आशावादी ठरतो. यास्तव एक किंवा दोन यंत्रांनी सुरुवात करून, त्यांच्याभोवती मॅटचा वर्ग चालवावा आणि लोकांना आळीपाळीने यंत्रावर घ्यावे.

भांडवलासाठी मुद्रा योजनेतून दहा लाखांपर्यंतचे विनातारण कर्ज मागता येते. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात सेवा व्यवसायासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग इत्यादी विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचा वाटा अनुक्रमे १० व ५ टक्के घालावा लागतो. येथे दोन खाचखळगे आहेत. ही योजना नव्या उद्योगांसाठी असल्याने आधी यंत्र आणून मग अर्ज करणाऱ्याचा अर्ज अडचणीत येतो. आणि अनुदान रोख हातात पडत नाही, ते तीन वर्षे बँकेत ठेवीच्या रूपाने राहून नंतर कर्जात वळते होते. आपला व्यवसाय योजनेत बसतो की नाही, याची लेखी खात्री जिल्हा उद्योग केंद्रातून करून घ्यावी.

जीएसटीबाबत एक बारकावा. व्यायामकेंद्रांच्या सेवेवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, परंतु या सवलतीच्या दराबरोबर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, जिला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात, ती मिळत नाही. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच सहसा लागत नाही. दोन्ही स्थितींत यंत्रावरील जीएसटी हा आपल्या खिशातला खर्च असतो, आणि ‘तो परत मिळेल’ हे विक्रेत्याचे वाक्य आपल्याला लागू पडत नाही.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावे

तोंडी आश्वासनांना किंमत नसते. कोटेशन, म्हणजे दरपत्रक, खालील गोष्टींसह लेखी मागावे :

- यंत्राचे मॉडेल, बनवणाऱ्याचे नाव आणि मूळ देश. आयात माल असल्यास आयातदाराचे नाव व पत्ता.
- स्प्रिंगांची संख्या, प्रत्येकीचा ताण आणि एका सुट्या स्प्रिंगेचा आजचा दर.
- वॉरंटी स्टुडिओतील व्यावसायिक वापराला लागू आहे, असे स्पष्ट वाक्य. चौकट, चाके, स्प्रिंग आणि गादी यांची मुदत वेगवेगळी लिहिलेली.
- किंमत दारात पोहोच आहे की गोदामापर्यंतची, जोडणी कोण करणार आणि दुरुस्तीसाठी माणूस येण्याचे भाडे कोणाकडे.
- आगाऊ रक्कम किती, आणि माल वेळेत न आल्यास ती किती दिवसांत परत.

संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. जोडणी होऊन एक दिवस वापर झाल्यानंतर द्यावयाचा शेवटचा हिस्सा हातात राखून ठेवावा. कारखान्याचा माणूस नरसीपर्यंत येण्याची खरी हमी तीच असते.

ग्राहक म्हणून हक्क

‘धंद्यासाठी घेतले म्हणजे ग्राहक नाही’ असे सांगून तक्रार झटकली जाते, ते अर्धसत्य आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेला माल वगळला असला तरी, स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी घेऊन स्वतः वापरलेला माल हा व्यापारी हेतू मानला जात नाही. म्हणजे जी शिक्षिका स्वतःच्या नावाने एक-दोन यंत्रे घेऊन स्वतःच वर्ग चालवते, तिला या कायद्याचे दार उघडे आहे. भागीदारी संस्था काढून, पगारी शिक्षक ठेवून तीन गावांत शाखा चालवणाऱ्याला ते उघडेलच असे नाही. बिल कोणाच्या नावाने घ्यावे, हे ठरवताना याचा विचार करावा.

विक्रेता मुंबईचा असला तरी तक्रार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाला अधिकार आहे, पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यास काही वाद तेथेच मिटतात. बिल, दरपत्रक, पैसे पाठवल्याची नोंद आणि विक्रेत्याशी झालेले व्हॉट्सअॅपवरील बोलणे जपून ठेवावे.

माल उतरवून घेताना आणि त्यानंतर

मालाची तारीख ठरवताना गावचे पंचांगही पाहावे. आषाढी एकादशीनंतरच्या परतवारी एकादशीला नरसीत वारकऱ्यांची प्रचंड गर्दी लोटते, आणि त्या दिवसांत मालमोटार गावात आणण्याचा बेत आखणे म्हणजे ती वेशीबाहेर उभी ठेवणे होय. ट्रान्सपोर्टची गाडी गोदामापर्यंतच येणार असेल तर पुढचा टेम्पो आणि चार माणसे आधी सांगून ठेवावीत. यंत्राचे वजन ५० किलोपासून १०० किलोपर्यंत असू शकते.

पेटी फुटलेली, ओली किंवा दबलेली दिसल्यास पावतीवर सही करण्यापूर्वी तिच्यावरच ‘पेटी दबलेली, आतील माल तपासलेला नाही’ असे लिहावे आणि फोटो काढावेत. पेटी उघडताना सुरुवातीपासून मोबाइलवर चित्रण करावे. जोडणी करणारा माणूस जाण्यापूर्वी त्याच्यासमोर स्प्रिंग बदलणे, चाक काढणे आणि दोराची लांबी सारखी करणे या तीन गोष्टी स्वतःच्या हाताने करून दाखवाव्यात. तो करत असताना नुसते पाहिलेले दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

पहिल्या दिवसापासून प्रत्येक यंत्रासाठी एक वही ठेवावी. तिच्यात स्प्रिंग बसवल्याची तारीख, आठवड्याला नट-बोल्ट आवळल्याची नोंद आणि कोणता आवाज कधी ऐकू आला हे लिहावे. प्रत्येक स्प्रिंगेला तारखेची छोटी चिठ्ठी बांधावी. मुदत संपून काढलेली स्प्रिंग कोपऱ्यात ‘असू द्या, कामाला येईल’ म्हणून ठेवू नये; ती त्याच दिवशी कापून भंगारात द्यावी, म्हणजे घाईच्या सकाळी ती चुकून पुन्हा यंत्रावर चढणार नाही.